आमची होडी फार बोलायची

एका मच्छीमाराकडून मी जुनी फायबरची होडी घेतली, तेव्हा भावकीनं मला वेड्यात काढलं. वांगी-दोडकी पिकवणाऱ्याला होडी कशाला? मला मात्र ठाऊक होतं कशाला. आमचं रान इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याला लागून. बायकोचं माहेर समोरच्या काठावर, करमाळ्याच्या अंगाला. मध्ये नुसतं पाणी. रस्त्यानं जायचं तर लांबच्या पुलाला वळसा घालून, एसट्या बदलत, जाण्यातच दिवस मोडायचा. सासूचे गुडघे गेलेले, एसटीची पायरी तिला चढवत नव्हती. लग्नानंतर ती आमच्याकडं एकदाच येऊन गेली होती. आईनं चार दिवस आपल्या घरी येऊन राहावं, एवढंच बायकोचं मागणं होतं. त्यासाठी होडी आणली, आणि बायको होडीत बसेना.

“आदी तिच्यातलं आवाज कशाचं हायेत ते सांगा,” ती काठावरून म्हणाली. “मला पवता येत न्हाय. आन् आईला तर मुळीच न्हाय.”

तिचं खोटं नव्हतं. होडी फार बोलायची. आणि मी म्हणजे बांधावरून कान देऊन विहिरीवरच्या मोटरचं बेअरिंग गेलंय का पाणी तुटलंय ते सांगणारा माणूस. पाण्यावर मात्र माझी अक्कल चालेना, त्यामुळं डोकं आणखीच तापायचं.

होडी नुसती बांधून ठेवली तरी तळाखालून कुडकुड यायची, कुणी फुटाणे खात बसल्यासारखी. तळाला चीर गेली म्हणून मी ती काठावर ओढली, उलटी केली, सगळा तळ हातानं चाचपला. शेवाळाशिवाय काही नाही. परत पाण्यात लोटली तर कुडकुड चालूच. शेवटी पालथा पडून, मान खाली घालून बघितलं. चिलापी माशांचा घोळका होडीचं शेवाळ ओरबाडून खात होता. मी एकटाच खो खो हसलो. बायकोला बोलावून दाखवलं.

“बरं. ह्ये झालं,” ती म्हणाली, आणि पुढच्या आवाजाची वाट बघत उभी राहिली.

वारा सुटला की शीळ वाजायची. ती होडीवरच्या छताला लावलेल्या पोकळ पाइपातून येत होती, त्यात चिंधी कोंबली. फळ्यांखाली साचलेलं पाणी गुळगुळ करायचं, ते उपसलं. राहिला तो एकच आवाज, पण तो सगळ्यांत वाईट. इंजिन चालू करून जरा वेग घेतला की पुढून धप, धप, धप. सगळी होडी हादरायची. मी नट आवळले, इंजिन खाली-वर करून बघितलं, विकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. धपधप काही जाईना.

एक दिवस पलीकडच्या व्यापाऱ्याला दोन पोती वांगी पोचवायची होती. पायात अडचण नको म्हणून पोती पुढच्या फळीवर टाकली. जाताना होडी गप्प. मला वाटलं, आवळलेल्या नटांनी अखेर गुण दिला, आणि मी गाणं म्हणत पलीकडं गेलो. पोती उतरवून परत निघालो तर पुन्हा धपधप. भर पाण्यात मी इंजिन बंद केलं आणि समोर बघत बसलो. मी मागं, इंजिन मागं, पुढं कुणीच नाही. होडीचं नाक वर उचललं जाऊन लाटेलाटेवर आपटत होतं. एवढी साधी गोष्ट, आणि मी पाना घेऊन फिरत होतो.

घरी आलो तेव्हा बायको मेथी निवडत होती.

“आवाज तुज्यामुळं येतोय,” मी म्हणालो.

“म्या अजून पाय न्हाय ठिवला तिच्यात.”

“म्हणूनच येतोय.”

“गोड बोलून पाण्यात नेताय व्हय?”

“अगं, बैलगाडी उलार झाली, मागं वजन पडलं, की जू वर उचलतं का न्हाय? तसं झालंय.”

ती निवडायची थांबली. “लहानपणी दादा गाडीत पुढं मलाच बसवायचे,” ती हळूच म्हणाली. “उलार व्हायला लागली की.”

दुसऱ्या दिवशी ती बुडू न देणारं नारंगी जाकीट घालून पुढच्या फळीवर बसली. दोन्ही हातांनी काठ घट्ट धरलेला, डोळे मिटलेले. मी वेग वाढवला. धप नाही, काही नाही. अर्ध्या वाटेवर तिनं डोळे उघडले, मग एक हात सोडून पाण्यात घातला. इतका आनंद मला कुठल्याच पिकानं दिला नव्हता.

निघताना फोन केला होता, म्हणून सासू पलीकडं काठावर उभी होती. लेकीला पाण्यावरून येताना बघून तिनं घरातून कपड्यांची पिशवीच मागवली. नऊवारीवर जाकीट चढवून ती लेकीशेजारी बसली, तेवढ्यात तळाखाली कुडकुड झाली. तिनं दचकून माझ्याकडं बघितलं.

“चिलापी हाय, आये. शेवाळ खाती,” बायको म्हणाली, जन्मभर होडी हाकल्यासारखी.

आमच्या बांधाशी दोघांनी धरून सासूला उतरवलं. ती वळली आणि आलो त्या काठाकडं बघत राहिली. तिच्या गावची पाण्याची टाकी लख्ख दिसत होती. मग तिनं लेकीचा हात हातात घेतला.

“इतक्या जवळ दिली व्हती व्हय गं मी तुला?”