मागचं टोक

मुलगा आयटीतल्या नोकरीपायी खराडीला राहायला गेला, तरी चंद्रभागाबाई विश्रांतवाडीची खोली सोडेनात. रोज बसनं खराडीला डबा पोचवायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. पायात गोळे यायचे, पण कबूल करतील तर शपथ!

एकदा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या नातीनं, पायलनं, त्यांना मोबाइलवर रक्तवाहिनीची सरकणारी पेशी दाखवली.

"आजी, पुढचं टोक आधी पुढे जाऊन चिकटतं. मग आतली मोटर प्रथिनं मागचं टोक ओढून सोडवतात."

"आणि नाही सुटलं तर?"

"पेशी नुसती ताणली जात राहते गं."

चंद्रभागाबाईंनी दुखरी पोटरी चोळली.

"तुझ्या बापाला सांग, मागचं टोक येतंय. पण या टोकाला स्वतंत्र खोली लागते!"