परत न आलेले मेल

कारखान्यात त्यांना सगळे पोस्टमास्तर म्हणत. पोस्टाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ते कारखान्याचा मेल-सर्व्हर सांभाळत. जिन्याखालच्या खोलीत एक घरघरणारा पंखा, कॉम्प्युटरचा एक काळा पडदा आणि हे. कोणी तक्रार घेऊन आलं, "अहो, मेलच येत नाहीत," की चष्मा कपाळावरून नाकावर उतरे आणि एका ओळीची कमांड टाइप होई. कुठल्या पत्त्याचा मेल खरं तर कोणाकडे जातो, ते पडद्यावर उमटे. अशा वळवलेल्या पत्त्याला म्हणायचं अलायस. माणूस खातं बदलतो, नोकरी सोडतो, मरतोसुद्धा. त्याचा पत्ता तसाच ठेवायचा आणि येणारे मेल दुसऱ्याच्या दारात टाकायचे.

त्यांची एक खोड होती. बंद पत्त्यावर कोणी लिहिलं, तर सर्व्हर "असा कोणी नाही" म्हणून मेल परत पाठवतो. त्यांना ते उर्मट वाटे. "आलेल्या माणसाला दारातून हाकलायचं कशाला?" म्हणत ते तो पत्ता सरळ कचऱ्याकडे वळवत. मेल गुपचूप नाहीसा होई आणि लिहिणाऱ्याला वाटे, पोचला. साहेबांनी हटकून पाहिलं, पण हे कसले ऐकतात! चांगुलपणाचाही हट्ट असतो, आणि तो फार चिवट.

धाकट्या भावाच्या बाबतीत मात्र हा चांगुलपणा कुठे दडी मारून बसला होता कोण जाणे. आईच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून दोघांची जुंपली, उचलली जीभ लावली टाळ्याला असं नको नको ते बोलून झालं, आणि अबोला पडला. फोन आला असता तरी दोघांनीही उचलला नसता. धाकटा गेल्याचंही नातेवाइकांकडून कळलं. हे अंत्यविधीला गेले, सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि परत आले. "त्यानं एक ओळ लिहिली असती तरी पळत गेलो असतो," हे ते बायकोला पुन्हा पुन्हा ऐकवत. तुम्ही का नाही लिहिलीत, असं ती बिचारी एकदाही म्हणाली नाही.

काही आठवड्यांनी पुतणी थेट कारखान्यात आली. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

"काका, बाबांनी आजारपणात तुम्हाला मेल केले होते. एकालाही उत्तर द्यावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"मला? एकही आला नाही गं."

"बाबांकडे परत तर एकही नाही आला. बाबा म्हणायचे, परत आला नाही, म्हणजे दादानं वाचला."

तिने फोनवर पत्ता दाखवला. ते कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होते तेव्हाचा, त्यांचा जुना पत्ता. त्यांनी कमांड टाइप केली. पडद्यावर आलं: स्टोअर, म्हणजे त्या विभागाचा सामायिक पत्ता. त्यांना जरा हायसं वाटलं; म्हणजे स्टोअरवाल्यांनी मेल पुढे धाडले नाहीत, गाढव लेकाचे. आणि मग त्यांना आठवलं. स्टोअर तर केव्हाच बंद झालं होतं.

त्यांनी स्टोअरचा पत्ता टाइप केला. उत्तर आलं: कचरा.

पहिल्या पायरीवर थांबू नका, शेवटपर्यंत बघा, असं ते येईल त्याला बजावत. पण स्टोअर बंद झालं त्या दिवशी त्याचा पत्ता कचऱ्याकडे वळवताना, त्या वाटेनं आपला स्वतःचा जुना पत्ता जातो, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

सर्व्हर बिघडला होता म्हटलं असतं, तर पोरीला काय कळणार होतं? पण ते म्हणाले, "हे मीच केलंय. माझ्याच हातानं. ते मेल माझ्यापर्यंत आलेच नाहीत."

तिने पडद्यावरची ओळ वाचली. मग खुर्चीत बसली.

"मग शेवटचापण नाही वाचलात?"

"नाही."

तिने फोन त्यांच्या हातात दिला. भावाने लिहिलं होतं: "दादा, उत्तर द्यायची घाई करू नकोस. तू वाचतोयस, मला तेवढं पुरे आहे."

"हा पाठवल्यावर बाबा शांत झोपायला लागले, काका," ती म्हणाली.

पोस्टमास्तरांना रडू आवरेना. अबोला धरल्यापासून भावाशी ते आज पहिल्यांदा बोलले.

"नाही रे वाचलं," ते फोनला म्हणाले. "नाही वाचलं रे मी."