तात्यांचं विरजण

घाण पाण्यावर इतका जीव लावणारा माणूस साऱ्या इंदापूर तालुक्यात एकच, तो म्हणजे लासुर्ण्यातले आमचे शेजारी तात्या. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगा पुण्यात. उसाच्या चिपाडांचा ढीग भिजला की ओढ्यात उतरणारं काळं पाणी बघून आम्ही नाक दाबायचो; तात्या मात्र कॅन घेऊन निघायचे. त्या पाण्यावर त्यांनी बरण्यांमध्ये बॅक्टेरिया पाळले होते. म्हणे ते त्यातली घाण खाऊन व्हॅनिलाचा अर्क बनवतात. "आइस्क्रीममधी घालत्यात त्यो वास, वैनी. हुंगा की!" मी हुंगायची. बराचसा ओढाच असायचा, पण कुठंतरी मागे खरंच आइस्क्रीम यायचं. थंडीत त्या बरण्यांना बायकोचे स्वेटर. काटेवाडीच्या एका लग्नात तर अक्षता पडल्या तसे उठले. "पोरं उपाशी हायती घरी," म्हणाले. यजमानीण बाईंनी कळवळून जिलेबीसकट डबा भरून दिला.

बॅक्टेरिया मेले तर पुन्हा आणायचे कुठून? म्हणून आपण शेजारी विरजण मागतो त्या हिशेबानं त्यांनी एक बाटली आमच्याकडे ठेवली. लोणच्याशेजारी. सासूबाई काढा समजून ती पिणारच होत्या! ती बाटली तपासायला तात्या रोज संध्याकाळी येत. चहा होई, गप्पा होत, आणि ते उठून जात. "तात्या, बाटली बघायची ऱ्हायली की!" आमचे हे चिडवायचे. "मग उद्या येतो," तात्या म्हणायचे.

मागच्या वर्षी ते अंगणात पडले, गुडघा गेला, आणि मुलगा त्यांना बरण्यांसकट पुण्याला घेऊन गेला. तिथं फ्लॅटमध्ये महिन्याभरात बरण्या मेल्या. तात्यांचा फोन आला.

"वैनी, तुमच्याकडचं विरजण हाय ना जितं?"

"हाय की. ह्यांना परवा पुण्याला यायचं हाय, देते धाडून."

"नगं, नगं. तितंच ऱ्हाऊ द्या. मी यीन की न्यायला."

"कवा?"

"गुडघा बरा झाला की."

गुडघा काही बरा होत नाही. पुण्यात दिवसभर घरात कुणी नसतं, म्हणून ते आता रोज फोन करून बाटलीची चौकशी करतात. मला त्या व्हॅनिलाची मुळीच हौस नाही. पण ती बाटली मेली तर तात्यांना इकडे यायला काही कारणच उरणार नाही. म्हणून मी नाक दाबून, कॅन घेऊन ओढ्यावर जाते.