एकोणीस नंबरचं मीटर

आमच्या यायले सारं सोनाळा गाव 'रीडिंगवाले शालिग्राम' म्हनते. बत्तीस वर्सं विजेचे मीटर वाचले. लय हेकेखोर मानूस! आकडा कमी दिसला का दार वाजवल्याबिगर पुढं सरकत नव्हते. काऊन, तं एकदा कडूबाच्या घरचं रीडिंग कमी आलं, हे लिहून पुढं गेले, अन् आठ दिवसानं दार तोडा लागलं. कडूबा आत एकलाच मरून पडेल होता. तवापासून यायले कमी आकड्याचं भेव.

रिटायर झाल्यावर एका कंपनीचं काम भेटलं. कंपनीनं गावातल्या घरकुलाच्या स्लॅबवर पांढरा रंग मारला, कमी विजेचे नवे पंखे लावले. तीस टक्के वीज वाचंल म्हने! खरंच वाचते का नाई, ते पाह्यासाठी दर महिन्याले बाहेरच्या खांबावरच्या मीटरचे फोटो यायनं पाठवाचे, आकडे वाचून हिशेब कंपनीच्या प्रेरणा मॅडमनं कराचा. एकोणीस नंबरात यायची मोठी बहीन सोजराबाई एकली राहे. हे मस्करीत तिले म्हनले, "अक्का, आकडा कमी येऊ दे वं. माही इज्जत तुह्या हाती हाय."

मी म्हनलं, "बुढीले काहीबाई नोका सांगू." ऐकतील तं शपथ!

मे महिन्यात ऊन असं तापलं का कुत्रे मोरीत जाऊन बसले. भर दुपारी हे जेवत होते, तं मॅडमचा फोन. लय खुशीत. "काका, बाकी घरांची बचत अकराच टक्के, पण एकोणीस नंबरची सत्तर! त्या आजींचा फोटो पाठवा ना."

यायचा घास हातातच राह्यला. "चांगुणे, ऊठ," म्हनले. हात न धुताच गाडी काढली. मी मांगं बसली.

दार लावेल होतं. वाजवलं, आवाज नाई. धक्का मारला तवा कडी निघाली. पंखा बटनावरूनच बंद. अक्का फरशीवर पडेल, अंग तव्यावानी तापेल, घामाचा थेंब नाई. मी तोंडावर पानी मारलं. डोळे किलकिले करून पुसते कशी, "शाल्या, आला का रे तुहा आकडा?"

ऑटोतून दवाखान्यात नेता नेता गेली.

तेरवी झाल्यावर मॅडमचा फोन आला. बिचारी रडत होती. म्हने, "काका, एकोणीस नंबर अहवालातून काढून टाकते."

"काढू नोका," हे म्हनले. "रंगानं अन् पंख्यानं अकरा वाचवले, असं लिहा. बाकीचे माह्या बहिनीनं वाचवले."

अन् भिंतीकडं तोंड करून लेकरावानी रडले.