चिंचेच्या कोळाच्या रंगाचा आवाज

माझा आवाज चिंचेच्या कोळाच्या रंगाचा आहे.

हे मी म्हणत नाही. लग्न होऊन कुंभकोणमला आले त्याच दिवशी अक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेने, सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं.

मी कोल्हापूरची, सासर पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहून जुन्या वळणाची मराठी बोलणारं. माप ओलांडून जेमतेम उखाणा घेतला, तर अक्का माझ्याकडे टक लावून बघतायत. माझ्याकडे म्हणजे, तोंडाच्या जरा बाजूला, हवेत.

"श्रीनी, तुझी बायको पुळिच्या कोळासारखी बोलते रे. बरी अहे."

पुळि म्हणजे चिंच. म्हटलं, बाई, हे कसलं स्वागत!

अक्कांना आवाज दिसायचे.

कुकरची शिट्टी पांढरी. देवळातला नादस्वरम, म्हणजे तिकडची सनई, हळदीचा. माझ्या नवऱ्याचा, श्रीनीचा आवाज ओल्या विटेचा.
घरच्या भजनात विठ्ठलाचा गजर सुरू झाला की डोळे मिटून हसत बसायच्या. कुणी बेसूर झालं की म्हणायच्या, "डाग पडला."

आणि त्यांना वाटायचं, हे सगळ्यांनाच दिसतं.

अक्कांची साठी उलटल्यावर आमच्या डॉक्टर भाच्याने सांगितलं, याला सिनेस्थेशिया म्हणतात. काहींच्या मेंदूत ऐकण्याची जागा आणि रंगांची जागा यांच्यात कनेक्शन जास्त असावीत, असं मानतात. एक जागी झाली की दुसरीही उठून बसते.

अक्कांनी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं.

"म्हणजे तुम्हांस कोणासच दिसत नाही? मज वाटलं, लोक भिडेपोटी बोलत नाहीत."

नंतर कितीतरी दिवस माझ्याकडे अशा कळवळून बघायच्या, जणू आंधळी मीच.

दिवाळीची साडी घरातल्या प्रत्येकीला तिच्या आवाजाच्या रंगाची. हा अक्कांचा नेम.

तिरुनागेश्वरमच्या विणकराकडे आमची स्वारी निघायची. पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात भिजवलेली चिंच. विणकर बिचारा कोळ उजेडात धरून बघायचा आणि रेशमाच्या लडी काढत बसायचा.

माझं कपाट उघडलं की पुळिसादमची पंगत! चिंचभाताशिवाय दुसरा पदार्थ नाही.

"अक्का, एकदा गुलाबी घ्या ना."

"गुलाबी पाहिजे तर गुलाबी बोल."

मग त्यांना स्ट्रोक आला.

हात सावरला. बोलणं सावरलं.
रंग गेले.

घरी आल्यावर पहिल्याच भजनात त्या मधूनच उठून आत गेल्या. मी मागोमाग गेले, तर भिंतीला टेकून रडत होत्या.

"नुसतं ऐकू येते गे."

भाचा म्हणाला, परत येतील किंवा नाही येणार, सांगता येत नाही.

मग रोज सकाळी मला समोर बसवायच्या. "बोल गे. काहीपण बोल."
मी बोलायचे. भाजीचे भाव, श्रीनीच्या तक्रारी, कोल्हापूरचा रस्सा. त्या माझ्या तोंडाच्या बाजूला, हवेत बघत राहायच्या. मग हळूच मान हलवायच्या.

दिवाळी आली. मला वाटलं, यंदा काही साडी नाही. मी विषयसुद्धा काढला नाही.

तर अक्का पिशवी घेऊन ऑटोत बसलेल्या.

विणकराच्या ओसरीवर त्यांनी माझा हात धरला. "बोल गे."

मी म्हटलं, "अक्का, यंदा राहू दे. दिसत नाही तर कशाला?"

त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं. मान हलवली. नाहीच.

मग पिशवीतून डबा काढला आणि झाकण उघडून विणकरापुढे ठेवला. त्याच्याशी तमिळमध्ये काहीतरी बोलल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"दिसत नाही तर काय झालं? तुझा रंग मज पाठ अहे."

संक्रांतीच्या पोंगलपर्यंतही अक्का राहिल्या नाहीत.

आज वर्ष झालं. तीच साडी नेसले आहे. मघाशी नैवेद्याचं पान वाढलं आणि सवयीने मोठ्याने हाक मारली, "अक्का, जेवायला चला."

श्रीनीने वर बघितलं. मीही बघत होते, तोंडाच्या जरा बाजूला, हवेत.

काही नव्हतं.

फार आठवण येते हो अक्का. तुमच्याशिवाय माझा आवाज नुसता ऐकू येतो.

नमस्कार करते.
तुमची पुळि