भंडारीकाकांचा स्टोव्ह

भंडारीकाकांकडे ऑर्डर देता येत नसे. तुम्ही बाकावर बसायचं. ते स्टोव्हवरून मान वर करायचे, डोळे बारीक करून तुमच्या तोंडाकडे बघायचे आणि काय द्यायचं ते ठरवायचे. साहेबाची बोलणी खाऊन आलेल्या कारकुनाला आधी सूप. घाईत असलेल्याला नुसतं सँडविच, तेही कागदात गुंडाळून. कुणाशी भांडून आलेल्याला काहीच नाही, "आधी पाणी पी, मग बघू." एकदा एका बड्या इंजिनियरने सूप नको, सँडविचच पाहिजे, असा हट्ट धरला. काकांनी सुपाचा मग त्याच्यासमोर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, पूल तुम्ही बांधा. पोटाचं माझ्यावर सोडा." इंजिनियर मुकाट प्याला. दुसऱ्या दिवशी तो आणखी दोघांना घेऊन आला.

पत्रक लिहिताना मला शिकवलंय की मुद्दा वरच यायला हवा. तर मुद्दा हा: या माणसाने आम्हाला फसवलं. आणि तो मला फार आवडायचा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही, याचाच मला राग येतो.

ऐंशीनंतरची ती पहिली वर्षं. बेलापूरला कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण रस्त्यावर अजून खडीच होती आणि न्हावा-शेव्याकडे जाणारे डंपर सगळ्यांच्या अंगावर धूळ उडवत जायचे. रेल्वे इथवर यायची होती. माणसं मुंबईहून बसने खाडी ओलांडून यायची, एक वाजता त्यांना भूक लागायची आणि आसपास खायला काही नसायचं. शहर आखणाऱ्यांनी नकाशात बागा काढल्या, कारंजी काढली, पार्किंग काढलं. माणूस दुपारी जेवतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ते आलं सखूमावशीच्या ध्यानात. ती शेजारच्याच गावातली, आगरी. त्यातलं एक तीन मजली कार्यालय ज्या जमिनीवर उभं आहे, तिथे तिचं भाताचं शेत होतं. कुठल्या जिन्याखाली तिचा बांध होता, ते ती बोट करून दाखवायची. त्याच कार्यालयाच्या कुंपणाबाहेर, करंजाच्या झाडाखाली तिनं पहिली चूल मांडली; तांदळाची भाकरी, वालाची भाजी, कधी सुकट. मग तिच्या बाजूला आणखी चार जण आले. शेवटी आले भंडारीकाका, एक लोखंडी पेटी आणि एक स्टोव्ह घेऊन. बाकीच्यांना ते नको होते. मावशी म्हणाली, "मानूस बोटीवरशी उतरलाय, एकटा हाय. बसूंदे सावलीन." तिनं आपल्या कळशीतलं पाणी त्यांना दिलं आणि आपली चूल दोन हात सरकवून घेतली.

त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं. बोटीवर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात आणि काकांची उभी हयात मालवाहू बोटींवर गेली होती. मूळचे रत्नागिरीकडचे. लग्न केलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "डेचकीशी लावलं ना." पावाला लोणी आणि हिरवी चटणी लावून त्यात उकडलेला बटाटा, बीट, काकडी, वरून काळी मिरी, जरा जास्तच. पावाच्या कापलेल्या कडा ते उन्हात वाळवायचे आणि तव्यावर भाजून सुपात टाकायचे. सुपात काय असतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. टोमॅटो आणि दुधी तर नक्की असायचा. बाकीचं रोजच्या बाजारावर. इनॅमलच्या मगातून ते सूप पिताना माणसं गप्प व्हायची.

बाक एकच होता, लांब फळीचा. शिपाई आणि साहेब मांडीला मांडी लावून बसायचे. साहेबासाठी कुणी उठू लागलं तर काका त्याचा खांदा दाबून खाली बसवायचे. "बोटीवर कप्तान नि खलाशी एकाच डेचकीतलं पितात. काय समजलास?" हे वाक्य मी माझ्या एका पत्रकाच्या वर घातलं होतं. आता ते पत्रक बघवत नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते. घर वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये आणि जीव सगळा समितीत. जमिनी गेलेले गावकरी आणि रस्त्यावर धंदा करणारे, यांच्यासाठी आमची ती समिती. सायक्लोस्टाइलच्या शाईने बोटं काळी असायची. दुपारी गठ्ठा काखेत मारून मी करंजाखाली पोचले की काका हाक मारायचे, "ये गो, पुढारणी. आज कोणाला खाल्लंस?" सूप गार होईपर्यंत ते पत्रक वाचायचे. चष्मा नव्हता, कागद हातभर लांब धरायचे. एकदा म्हणाले, "मीठ जास्त पडलंय. 'जुलमी' तीनदा आलाय. एकदाच घाल, लागेल." मी दोन खोडले. पत्रक खरोखर चांगलं झालं. माझ्या समितीतल्या कुणीही मला याहून उपयोगाचं काही शिकवलेलं नाही, हे लिहिताना मला जड जातंय. पण लिहिते.

मग एका सकाळी कार्यालयाचा माणूस येऊन सांगून गेला की कुंपणाबाहेरचा सगळा कचरा उठवायचा आहे. कचरा म्हणजे ही सहा माणसं. पुढे मार्केट होणार होतं, त्यात गाळे होणार होते, पण ते कुणाला, हे सांगायला तो बांधील नव्हता. आमची मागणी साधी होती. जागा द्या, इथेच द्या, सहाही जणांना द्या. मावशीचं म्हणणं त्याहून साधं होतं. शेत गेलं तेव्हा ती बोलली नव्हती. या झाडाखालून मात्र ती उठणार नव्हती.

त्या दुपारी बाकावरच बैठक झाली. सगळ्यांनी एक दिवस चुली बंद ठेवाव्यात, असं मी मांडलं. अख्खं कार्यालय एक दिवस उपाशी राहिलं की साहेबांना कळेल, कचरा कोण आहे ते. काका ऐकत होते. मग म्हणाले, "एक दिवस माणूस उपास म्हणून काढतो, पुढारणी. तीन दिवस ठेव. तिसऱ्या दिवशी साहेब आपल्या पायांनी खाली येईल." आणि सगळ्यांसमोर त्यांनी आपली मोठी डेचकी उलटी घातली. बोटीवर संप ठरला की भंडारी असंच करतो, म्हणाले. मावशीचे डोळे भरून आले. माझेही. आम्ही तीन दिवस ठरवले.

पहिला दिवस आमचा होता. कारकून बिस्किटांचे पुडे शोधत फिरले. दोन अधिकारी जीप काढून पनवेलला जेवायला गेले. शिपायांनी आम्हाला शिव्या घातल्या आणि लगेच साहेबांनाही घातल्या. मावशी करंजाखाली नुसती बसून होती. भर दुपारी असं बसायची तिला सवय नव्हती. "हातांना काय काम देऊ, ता समजत नाय," म्हणाली. काका दिसले नाहीत. अंगात कणकण आहे, असा निरोप होता.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी पत्रकं वाटत उभी होते. दोनच्या सुमारास कारकून खाली उतरले आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कुणी चिडलेलं नव्हतं. माणसं सावकाश चालत होती. दोघांच्या तोंडात पान होतं. आमच्या ओळखीच्या एकाने पत्रक घेतलं, त्याला बोटं पुसली. कागदावर हिरवी चटणी उमटली. अगदी मायेने तो म्हणाला, "ताई, आता कशाला उन्हात उभ्या राहता? झाली की आमची सोय. तेच सूप आणि वर पंखा."

मी दुसऱ्या मजल्यावर गेले. जुने नकाशे ठेवायची खोली होती ती. नकाशे गेले होते, टेबलं आली होती, कोपऱ्यात गॅसच्या दोन शेगड्या. पांढरा कोट घालून भंडारीकाका पावाच्या कडा कापत होते.

"ये गो. तोंड बघ काय झालंय. आधी सूप घे."

मी विचारलं, हे कधी ठरलं. ते खोटं बोलले नाहीत, एवढं श्रेय त्यांना देते. साहेबांनी आदल्या आठवड्यातच बोलावून घेतलं होतं म्हणाले. वरच्या साहेबांना कँटीनची गरज पटत नव्हती, तेवढंच अडलं होतं.

"बैठकीच्या आधी?"

"आधी."

तेव्हा मला तीन दिवसांचा अर्थ लागला. एका दिवसाच्या भुकेने वरच्या साहेबांना काही पटलं नसतं; आणखी दोन दिवस असेच जाणार, या धास्तीने ते लगेच पटलं. आम्ही सहा जणांच्या चुली विझवून, माझ्या पत्रकांनी गावभर जाहिरात करून, भंडारीकाकांसाठी अख्खं कार्यालय उपाशी ठेवलं होतं.

मी मावशीचं नाव काढलं. त्यांनी सुरी खाली ठेवली. "माझं वय बघ. पावसाळ्यात ताडपत्रीची दोरी धरून किती वर्षं उभा राहू? तू तरुण आहेस, तुला दुसरी लढाई मिळेल. मला दुसरं छप्पर मिळायचं नाही. सखूला गाव आहे, घर आहे. माझं इथं कोण आहे?"

"तिच्या शेतावर उभे आहात तुम्ही," मी म्हटलं.

त्यावर त्यांनी सुपाचा मग माझ्याकडे सरकवला. मी तो तसाच ठेवून जिना उतरले. फेकायला हवा होता, असं आजही वाटतं.

तिसऱ्या दिवशीही आम्ही चुली बंद ठेवल्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पावसाळ्याआधी ट्रक आला आणि करंजाखालचं सगळं उचलून घेऊन गेला. कार्यालयातून कुणी अडवायला उतरलं नाही. त्यांना आता आमची गरज नव्हती. चार जण चार दिशांना गेले. सखूमावशीला काकांनी कँटीनमध्ये घेतलं. बटाटे सोलायला, भांडी घासायला. मागच्या जिन्याने यायचं, मागच्या जिन्याने जायचं. "मी तिची सोय केली," असं ते सगळ्यांना सांगायचे, आणि कारकून माना डोलवायचे. मी त्यांचं नाव घालून पत्रक लिहिलं. समितीतल्या वडीलधाऱ्यांनी ते छापू दिलं नाही. व्यक्तीवर लिहायचं नसतं, प्रवृत्तीवर लिहायचं असतं, म्हणाले. प्रवृत्ती सूप बनवत नाही. प्रवृत्ती डेचकी उलटी घालून बायामाणसांना रडवत नाही. माणूस करतो ते.

त्यानंतर काका तिथे असेपर्यंत मी कँटीनमध्ये पाऊल टाकलं नाही. मावशीला मागच्या जिन्याशी भेटायचे. काका तिच्याकडून निरोप धाडायचे, की पुढारणीला सांग, रागाने जेवण चुकवू नये.

गेल्या वर्षी त्यांचे पाय गेले. बहिणीकडे रत्नागिरीला जायचं ठरलं. मी पनवेलच्या एसटी स्टँडवर गेले, निरोप द्यायला नव्हे, एक काम घेऊन. कँटीनचं कंत्राट आता सुटत होतं. साहेब लोक काकांच्या शब्दाबाहेर नव्हते. त्यांनी सखूमावशीसाठी शब्द टाकला तर तिच्या जमिनीवर तिची चूल पेटली असती. मागे झालं त्याबद्दल मी एक अक्षरही काढलं नाही. एवढंच मागितलं.

ते पेटीवर बसले होते. पूर्वीसारखे डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग माझा हात धरला. "सकाळीच बोललो साहेबांशी. झालं समज. तू सांगायच्या आधी केलं मी, काय समजलीस?" हात गरम होता, खरखरीत होता. गाडी लागली तेव्हा मीच त्यांची पेटी वर चढवली. "वेळेवर जेवत जा गो," खिडकीतून म्हणाले. बेलापूरला परतताना बसमध्ये मी मनातल्या मनात पत्रक लिहायला घेतलं. मथळासुद्धा सुचला होता.

सोमवारी कँटीनमध्ये मुंबईचा नवा कंत्राटदार होता. त्याची माणसं, त्याचे स्टीलचे काउंटर. मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरले आणि भंडारींनी सखूबाईंबद्दल काय सांगितलं होतं, ते विचारलं. साहेबांनी आठवायचा प्रयत्न केला. खरोखर केला.

"कोण सखूबाई?" म्हणाले.

मागच्या जिन्याशी मावशी बटाटे सोलत बसली होती. नव्या माणसाने तिला ठेवलं होतं, निदान त्या दिवसापुरतं. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि स्टँडवर काय झालं, ते सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"मना पन तसाच सांगला त्यानं," ती म्हणाली. "बोलला, सखू, आता कँटीन तुजा."

"आणि तू विश्वास ठेवलास, मावशी? एवढं झाल्यावर?"

तिनं सोललेला बटाटा पाण्यात टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"ठेवला. तू नाय?"