वार्निशखालचा रुपया

लग्नात माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, बाबांच्या हातावर चांदीचा एक राजाछाप रुपया ठेवला होता. कधी वापरात न आलेला, अगदी कोरा. बाबा तेव्हा पेणजवळ जोह्याच्या एका कारखान्यात गणपतीच्या मूर्ती रंगवायचे. रुपया काळा पडू नये म्हणून नव्या संसाराच्या उत्साहात त्यांनी त्याला वार्निश मारलं. मूर्तीच्या मुकुटाला मारायचे तेच, दोन्ही बाजूंनी, भरपूर.

ते वार्निश आधी पिवळं पडलं, मग तपकिरी झालं. मला कळायला लागल्यापासून आईचं एकच गाऱ्हाणं होतं, "माझ्या बापानं चांदी दिलेली, ह्यांनी तिचा गूळ करून ठेवला."

काम सुटल्यावर बाबांना जुन्या नाण्यांचा नाद लागला. पेणला एका हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तो रुपया खिशात घालून ते गेले. तिथल्या एका संग्राहकानं तो कडेनं धरला, दिव्याखाली फिरवला आणि विचारलं, "साल काय आहे?"

"एकोणीसशे दहाच्या पुढचं कायतरी," बाबा म्हणाले. "शेवटचा आकडा दिसत नाय."

नेमका त्या आकड्यावर वार्निशाचा थेंब साचून घट्ट झाला होता. राजाच्या अंगरख्यावरही तसाच थर होता. संग्राहकानं मग त्यांना सांगितलं, की एकोणीसशे अकराच्या रुपयावर राजाच्या अंगरख्यात एक हत्ती कोरलेला आहे, पण त्याची सोंड आखूड आणि पाय जाड, त्यामुळे लोकांना तो डुक्कर वाटला. फार ओरड झाली आणि पुढच्या वर्षी हत्ती बदलला. "अकराचा निघाला तर ग्रेडिंगला पाठवा," तो म्हणाला. "तज्ज्ञ तपासतात, सत्तरपैकी गुण देतात आणि नाणं पारदर्शक डबीत कायमचं बंद करतात. पण घासलंत तर गुण मिळत नाहीत. 'साफ केलेलं' एवढाच शेरा मिळतो."

बाबांनी हॉलच्या पायरीवरूनच मला फोन लावला. मी रोह्याला राहते, नागोठण्याजवळच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते.

"बाय, वार्निश कशानं जातं गो? पण घासायचं नाय!"

"ॲसिटोननं जाईल. चांदीला काही करत नाही ते. मी रविवारी घेऊन येते. तोवर हात लावू नका."

संध्याकाळी मी पुन्हा फोन केला तर तो आईनं घेतला. "तू कशाला एवढ्या लांबून येतेस? मी चिंच भिजत घातलीय. देवाची भांडी कशी लखलखतात!"

मी इतक्या जोरात "नाही!" म्हणाले की शेजारीण दारात आली. आईनं त्या चिंचेची आमटी केली, असं नंतर कळलं.

रोह्यात लॅबला लागणारं सामान विकणारं एक दुकान आहे. तिथून मी शुद्ध ॲसिटोनची बाटली आणली. तरी मनात धाकधूक होतीच. घरात लक्ष्मीचं चांदीचं एक नाणं होतं. त्याला मी नेलपॉलिश फासलं, वाळू दिलं आणि काचेच्या वाटीत ॲसिटोनमध्ये सोडलं. थोड्या वेळात लक्ष्मी पुन्हा जशीच्या तशी! मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

रविवारी सकाळी बाटली स्कूटरच्या डिकीत नीट बांधून मी जोह्याला पोचले. आईला गॅस बंद करायला लावला, देवापुढची उदबत्ती विझवली. ॲसिटोन चटकन पेट घेतं. मग आम्ही पडवीत वाऱ्याला बसलो. काचेच्या वाटीत तळाला सुती फडक्याचा तुकडा, त्यावर रुपया, वरून ॲसिटोन, आणि ते उडून जाऊ नये म्हणून वर काचेची बशी.

काहीच झालं नाही. आम्ही तिघं वाटीत डोकं घालून बसलेलो.

"गूळच हाय तो," आई म्हणाली.

आणि तेवढ्यात रुपयाच्या कडेवरून पिवळी रेघ सुटली. धुरासारखी, हळूहळू वळत. मग दुसरी, मग सगळीकडूनच. ॲसिटोन चहासारखं झालं. बाबा उठून उभे राहिले, पुन्हा बसले. "माझा बारीक ब्रश आणू काय? डोळ्यांची आखणी करायचा. एकदम हलक्या हातानं..."

"बाबा, ब्रश नाही, कापूस नाही, बोटसुद्धा नाही."

"बरं बरं." त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

मी जुनं ॲसिटोन काढून नवं ओतलं, रुपया उलटा केला. ते पिवळं झालं की पुन्हा बदललं. प्रत्येक वेळी रंग फिका होत गेला. शेवटी वाटीतलं ॲसिटोन पाण्यासारखं स्वच्छ राहिलं, तेव्हा मी रुपया कडेनं उचलला, ताज्या ॲसिटोनच्या धारेखाली धरला आणि मऊ फडक्यावर ठेवला. पुसायची गरजच पडली नाही. बघता बघता तो वाळला.

मी तो उन्हाकडे कलता केला. चांदीवरून उजेड चाकासारखा गोल फिरला. इतकी वर्षं वार्निशानं त्याला ना हवा लागू दिली होती, ना कुणाचं बोट. टांकसाळीतून निघाला असेल तसाच तो समोर होता.

"साल बघ, साल!" बाबा ओरडले. मी त्यांचं नाणी बघायचं भिंग उचललं. ते आईनं माझ्या हातातून घेतलं. ती आकड्यांकडे गेलीच नाही, सरळ राजाच्या छातीवर भिंग धरून बघत राहिली.

"अगो बाय," ती म्हणाली, "ह्याला हत्ती कोण म्हणल? हे तर चांगलं गुबगुबीत डुक्कर हाय!"

बाबांनी भिंग ओढून घेतलं. एक, नऊ, एक, आणि शेवटी पुन्हा एक. त्यांनी तो आकडा इतक्या मोठ्यानं वाचला की रस्त्यावरून मूर्तींचे साचे घेऊन चाललेली माणसं थांबून बघायला लागली.

त्याच संग्राहकामार्फत आम्ही रुपया ग्रेडिंगला पाठवला. आता मात्र मला झोप येईना. ॲसिटोनचा एखादा डाग राहिला असेल का? वार्निश मारतानाच बाबांनी आधी फडक्यानं पुसला असेल का? बाबांना विचारलं तर म्हणाले, "आठवत नाय गो. तेव्हा मी तुझ्या आईकडेच बघत होतो."

पार्सल पेणला आल्याचा फोन आला, त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. आईबाबा माझ्या आधीच येऊन एस.टी. स्टँडच्या बाकावर बसले होते, पार्सल दोघांच्या मध्ये, न फोडता. दोघांपैकी कुणाची हिंमत होत नव्हती. मी फोडलं. डबीवरचा आकडा साठाच्या वरचा होता. 'साफ केलेलं' हे शब्द मी पुढून शोधले, मागून शोधले. कुठेच नव्हते.

"मिळाले गुण!" मी ओरडले. बाबांनी टोपी काढून हवेत उडवली. आसपास घोळका जमला, डबी हातोहात फिरली, कुणी डुक्कर शोधत होतं, कुणी हत्ती. एका गृहस्थानं हळूच विचारलं, "विकणार काय?"

आईनं त्याच्या हातातून डबी काढून घेतली. "माझ्या बापानं दिलेला हाय तो."

बाबा काही बोलायला गेले, पण ती डबी पदरात गुंडाळून रिक्षाकडे निघालीसुद्धा. रिक्षात त्यांनी दोनदा हात पुढे केला. जोहं येईपर्यंत तिनं ती त्यांना दिली नाही. पदर जरासा उघडून स्वतःच बघायची आणि हसायची.